एका पोत्यात एक लाख लिटर

ट्रॉलीत धानाची पोती रचून झाली आहेत, आता वरून दोर आवळणं चाललंय. काका एकेका गाठीला हात लावून बघतात. काकू अंगणातूनच ओरडून विचारतात, "सातबारा, पासबुक, आधार, घेतले का सारे?"

"घेतलो ना जी," काका खिशावर हात मारतात.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव. डिसेंबरची सकाळ आहे आणि अंगणात बोचरी थंडी. आधारभूत खरेदी केंद्रावर काकांची नोंदणी कधीच झालेली आहे, पण धान आणा असा निरोप काल संध्याकाळी आला. गेले कित्येक दिवस हा धान पडवीत आणि अंगणात ताडपत्रीखाली निजून होता. रात्री कुत्रं भुंकलं तरी काका उठून बघत होते.

निघण्याआधी ते मला बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे नेतात. "आधी हे पाहा, मंग केंद्र पाहा," म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला मामा तलाव आहे, त्याची पार उंच आणि रुंद, तिच्यावर मोहाची आणि अर्जुनाची जुनी झाडं. पारीखाली उतरत जाणाऱ्या बांध्या, आणि बांध्यांच्या धुऱ्यांवर तूर. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी 1951 मध्ये गेली आणि तलाव सरकारजमा झाले, पण ते खोदले होते त्याच्या कितीतरी आधी, इथल्या कोहळी समाजाने. जवळचा नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखला जातो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. पावसाने ऑगस्टमध्ये पंधरा दिवस दडी मारली की या झाडीपट्टीचा धान या तलावांच्या जिवावर तगतो.

बांधीत धानाचे खुंट उभे आहेत आणि खुंटांच्या मधून हिरवीगार लाखोरी डोकं वर काढतेय. मी खाली बसून बघतो. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान उभा असतानाच, बांधीतली ओल जायच्या आत, लाखोरीचं बी त्यात फेकून दिलेलं. धान कापला गेला तेव्हा ही रोपं बोटभर झाली होती. द्विदल पीक असल्याने मुळांच्या गाठीत नत्र साठतं आणि ते पुढच्या धानाला मिळतं. लाखोरीतल्या विषारी घटकाची भीती जुनी आहे, पण तो घटक कमी असलेले 'रतन', 'प्रतीक' यांसारखे वाण आता उपलब्ध आहेत. जमिनीतल्या उरल्या ओलीवर एक डाळ काढून घेणारी ही रीत कोणत्या संस्थेने शिकवलेली नाही. शाश्वत शेती म्हणून परिषदांतून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं या एका बांधीत माझ्या पायाखाली आहे.

पलीकडच्या शेजाऱ्याच्या बांधीत मात्र काळे पट्टे दिसतात. तिथे हार्वेस्टर फिरला होता. यंत्र लोंब्या घेऊन जातं आणि तणीस लांबलचक ओळींत मागे टाकतं. ती गोळा करायला मजूर परवडत नाही, म्हणून काडी लावली जाते. काकांनी हाताने कापणी केली, कडपा वाळवल्या, भारे बांधले, पुंजणं रचलं, मग धान चुरला. त्यांची तणीस घराशेजारी रचलेली आहे आणि गोठ्यात दोन बैल व एक गाय आहे. "ज्याच्या घरी ढोर नाही तो तनीस ठेवून का करल?" काका विचारतात. मी शेजाऱ्याला दोष देऊ शकत नाही. मजुरी वाढली, जनावरं घटली, आणि तणीस विकत घ्यायला गावात कुणी येत नाही. ती बांधून नेणारी, चाऱ्याला किंवा इंधनाला लावणारी सोय तालुक्यात उभी राहिली तर काडी लावायची वेळ कुणावर येणार नाही.

ट्रॅक्टर निघतो. मी पोत्यांवर बसलोय. एका पोत्यात 40 किलो धान. या पोत्यांकडे बघताना एक आकडा डोक्यातून जात नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची मांडणी अशी की एक किलो धान पिकवायला, पाऊस आणि सिंचन मिळून, शेताला सरासरी अडीच हजार लिटर पाणी द्यावं लागतं. म्हणजे या एकेका पोत्यामागे एक लाख लिटर पाणी आहे. पाऊस, तलाव, पाट, चिखलणी, गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांची पाठ, हे सगळं सुतळीने शिवून बंद केलेलं. शिवाय पाणी साचलेल्या बांधीतून मिथेन वायू हवेत जातो; माणसाच्या उद्योगांतून जगात जेवढा मिथेन बाहेर पडतो, त्यातला आठ ते दहा टक्के भातशेतीचा आहे. हे मोल मोजून झालंय. आता त्या धानातला दाणाही वाया जाता कामा नये.

केंद्रावर पोचतो तेव्हा आधीच ट्रॅक्टरची रांग लागलेली आहे. सहकारी संस्थेचं छोटं कार्यालय, समोर मोकळं मैदान, एका बाजूला भरलेलं गोदाम. गोदामात जागा नाही म्हणून खरेदी झालेल्या धानाच्या थप्प्या मैदानातच. खाली भुसा पसरलेला, त्यावर ताडपत्री, त्यावर पोत्यांची थप्पी, वरून पुन्हा ताडपत्री. ती कडेने फाटलेली आहे आणि दोराच्या जागी कुठे कुठे विटा ठेवल्या आहेत.

आमचा नंबर यायला दुपार उजाडते. ग्रेडर पोत्यात परखी खुपसतो, मूठभर धान हातावर घेतो, फुंकर मारतो, मग आर्द्रता मोजायच्या यंत्रात टाकतो. सगळ्यांची नजर त्या छोट्या पडद्यावर. मर्यादा 17 टक्क्यांची आहे. काकांचा धान त्याच्या खाली येतो. त्यांच्या मागच्या तरुणाचा येत नाही. तो काही बोलत नाही, ट्रॉली बाजूला घेतो आणि एकटाच ताडपत्री अंथरून धान तिथेच पसरायला लागतो. ऊन कोवळं आहे, वाळायला वेळ लागणार. दोन-तीन जण न सांगता पुढे होतात आणि फावड्याने धान पसरू लागतात. "थंडीत ओल जात नाही जी," एक म्हातारे सांगतात, "कार्तिकातच चुरला असता तर बरं झालं असतं. पन मशीनवाला भेटला पायजे ना."

वजन सुरू होतं. हमाल पोतं उचलून काट्यावर ठेवतात, तोलणारा आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा वहीत लिहितो, तिसरा सुई-सुतळीने तोंड शिवतो. ही सुई हातभर लांब. पोतं शिवणाऱ्या माणसाची तर्जनी आणि अंगठा यांच्यामधली कातडी इतकी जाड झालीय की सुई टोचली तरी तो हात मागे घेत नाही. 2025-26 च्या खरिपासाठी केंद्र सरकारचा आधारभूत दर सर्वसाधारण धानाला क्विंटलमागे 2369 रुपये आणि अ दर्जाला 2389 रुपये. एका पोत्याचे 947 रुपये 60 पैसे. काका बोटांवर हिशेब करतात, त्यातून रोवणीची मजुरी वजा करतात, खत वजा करतात, ट्रॅक्टरचं भाडं वजा करतात.

हा सगळा धान जाड आहे, बहुतेक 1010 वाणाचा. घरी खायला काकांनी वेगळा लावलाय, अर्ध्या एकरात, चिन्नोर. तो इथे येत नाही. आणायचा तरी कशाला? सुवासिक धानाचं उत्पादन कमी, आणि जाड व बारीक यांच्या सरकारी भावात फरक फक्त 20 रुपयांचा. याच झाडीपट्टीत, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडेंनी बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हा बारीक तांदूळ घडवला आणि तो देशभर गेला. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोंदियाच्या बांध्यांत चिन्नोरसारखे सुवासिक वाण अजून आहेत, पण घरच्या जेवणापुरते, कणगीत साठवलेले. जे पिकवलं त्याला खरेदीदार एकच, आणि तो वाण बघत नाही, वजन बघतो. अशा बाजारात वाणांची विविधता टिकवायचं ओझं एकट्या शेतकऱ्याने का वाहायचं, याचं उत्तर मला या रांगेत उभं राहून सापडत नाही.

तीनच्या सुमारास वारा पडतो. पूर्वेकडून ढग येताना दिसतात आणि मैदानातलं बोलणं एकदम थांबतं. मग कुणीतरी हाक देतं, "ताडपत्री वढा!" आणि सगळेच धावतात. हमाल, शेतकरी, ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, ग्रेडरसुद्धा काटा सोडून. तो तरुण आपला पसरलेला धान पोत्यांत भरायला लागतो. भरायला वेळ नाही हे कळल्यावर तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी धानाचा ढीग करतो आणि त्यावर ताडपत्री पांघरतो. मीही एक टोक धरून ओढतो. ताडपत्री जुनी आहे, हातात तिचा तुकडाच येतो.

पाऊस दहा मिनिटं पडतो. फार नाही, पण थेंब टपोरे. आम्ही कार्यालयाच्या पत्र्याखाली गर्दी करून उभे असतो आणि सगळे मैदानाकडे बघत असतात.

पाऊस थांबल्यावर हमाल आधीच्या खरेदीच्या एका थप्पीची ताडपत्री काढतात. वरची पोती कोरडी आहेत. सगळ्यात खालच्या थराचं एक पोतं ते ओढून बाहेर काढतात. ते आजच्या पावसाने भिजलेलं नाही. जमिनीची ओल त्यात कित्येक दिवस चढत राहिलीय. पोत्याचा तळ काळपट झालाय आणि ज्यूटच्या विणीतून बारीक पांढरे कोंब बाहेर आलेत. हमाल सुतळी कापतो. आतून गरम वाफ येते, आंबूस वास येतो. मी हात घालतो. धानाचे गोळे झालेत, मुळ्या एकमेकींत गुंतून दाणे चिकटलेत, आणि मधला भाग हाताला चटका बसावा इतका गरम आहे. ओला धान श्वास घेतो, त्यातून उष्णता निघते, उष्णतेने बुरशी वाढते. हमाल ते पोतं बाजूला ठेवतो आणि दुसरं ओढायला वाकतो. काका बघतात, बोलत नाहीत. तो धान त्यांचा नाही, कुण्या दुसऱ्याचा आहे, आणि त्याचे पैसेही त्या शेतकऱ्याला मिळालेले असतील. तरी त्यांचा चेहरा उतरतो. धान विकला गेला म्हणून तो परका होत नाही, हे इथे जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

हे एका केंद्राचं दुखणं नाही. गोदाम भरलं की खरेदी थांबते. गिरणीवाल्यांनी उचल केली की गोदाम रिकामं होतं. भरडाईच्या दरावरून शासन आणि गिरणीवाले यांच्यात ताणलं गेलं की उचल थांबते, आणि सगळी साखळी पुन्हा मैदानात येऊन उघड्यावर बसते. रब्बीच्या उन्हाळी धानाचं तर याहून कठीण. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर तो पिकतो, मे-जूनमध्ये केंद्रावर येतो, आणि त्याच्या मागोमाग मृग येतो.

संध्याकाळी एक ट्रक भरून गोंदियाला निघतो, ड्रायव्हर मला सोबत घेतो. नवेगाव बांध मागे पडतं, कोहमाऱ्याला महामार्ग ओलांडतो, पुढे गोरेगाव. दोन्ही बाजूंना बांध्या, मधूनच जंगल, मधूनच पुंजणी. गोंदिया जवळ आल्यावर हवेचा वास बदलतो. भुसा जळल्याचा धूर, आणि उकडलेल्या धानाचा गोडसर वास.

गिरणीत मध्यरात्रीपर्यंत काम चालू असतं. धान चाळणीवर पडतो, खडे वेगळे होतात, रबरी रोलांमधून जाताना टरफल सुटतं, पॉलिश होतं, मग सॉर्टेक्सच्या यंत्रात काळे दाणे हवेच्या फुंकरीने उडवले जातात. शेवटी रेशनच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वांचे तयार दाणे मिसळले जातात, शंभर दाण्यांना एक. नियमाने 100 किलो धानाचा 67 किलो अरवा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ शासनाला परत द्यायचा. म्हणजे काकांच्या एका पोत्यातून 26 किलो 800 ग्रॅम. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. एक पोतं पाच माणसांचा महिना काढतं, वर थोडं उरतंही.

आणि इथे मला जे दिसतं ते केंद्रावर दिसलं नव्हतं. गिरणीत काहीही फेकलं जात नाही. कोंडा तेल काढणाऱ्या कारखान्यात जातो, त्यात पंधरा-वीस टक्के तेल असतं. कनकी वेगळी विकली जाते. धानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा भुसा असतो. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत तोच भट्टीत जळतो आणि धान उकडायला, वाळवायला वाफ देतो. वीटभट्टीवालेही तो नेतात. जळाल्यावर उरणाऱ्या राखेत बहुतांश सिलिका, तिलाही गिऱ्हाईक आहे. "भूसा पहले फोकट में जाता था," फोरमन सांगतो, गोंदियाच्या त्या मराठी-हिंदीच्या मिसळीत, "आता ट्रक येऊन थांबते." रिकामा बारदानाही घडी घालून ठेवलेला असतो, तो पुन्हा केंद्रावर जाईल.

मी अशाच एका भट्टीसमोर उभा राहतो. आत भुसा लालभडक जळतोय आणि बाजूच्या उंच ड्रायरमधून धान कोरडा होऊन उतरतोय. बरेच किलोमीटर मागे एक तरुण फावड्याने धान पसरून हिवाळ्याच्या उन्हाची वाट बघत होता. भुसा आहे, ड्रायर आहे, ते चालवणारी माणसं आहेत. सगळं साखळीच्या एकाच टोकाला गोळा झालंय. ज्या टोकाला ओला धान येतो तिथे यातलं काहीच नाही. म्हणून तर दाणा सडतो तो बांधीत नाही आणि गिरणीतही नाही, दोघांच्या मधल्या मैदानात सडतो.

शाश्वत साखळी म्हटलं की बोट शेतकऱ्याकडे जातं. पाणी कमी वापरा, आलटून पालटून पाणी तोडा, रोवणीऐवजी आवत्या पेरा, काडी लावू नका, औषध कमी मारा. यातलं बरंच योग्य आहे, आणि ते झालंही पाहिजे. पण लाखोरी पेरणाऱ्या, तणीस रचणाऱ्या, तलावाच्या पाटाची पाळी नेमाने सांभाळणाऱ्या माणसाला पाणी वाचवायला सांगायचं आणि त्याने पिकवलेला, पोत्यापोत्याला लाख लिटर पाणी प्यालेला धान उघड्यावर कुजू द्यायचा, हे मला पटत नाही. वाचवण्याची सुरुवात जिथे सगळ्यात जास्त वाया जातं तिथून व्हावी.

त्यासाठी फार मोठा शोध लावायचा नाही. प्रत्येक खरेदी केंद्राला सिमेंटचा ओटा आणि त्यावर पत्र्याचं छप्पर. दोन-चार केंद्रांमागे भुशावर चालणारा एक ड्रायर. खरेदीनंतर किती दिवसांत उचल व्हायची याचा ठरलेला आणि पाळला जाणारा नियम, भरडाईच्या दराचा वाद हंगामाआधी मिटवून. आणि तालुक्याला रेशनसाठी जेवढा तांदूळ लागतो तेवढा तालुक्यातल्याच गिरणीत भरडून तिथल्याच दुकानात, म्हणजे गोंदियाला जाऊन परत येणाऱ्या ट्रकचं डिझेलही वाचेल. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना, पणन आणि आदिवासी विकास खात्यांना, सहकारी संस्थांच्या संचालकांना ही मागणी रोवणीच्या दिवसांतच करायला हवी, कारण डिसेंबरात धान रांगेत उभा असताना ओटा बांधून होत नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांनी आपल्या गावच्या केंद्रावर छप्पर आहे का, हे जाऊन बघावं आणि नसेल तर येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडावा. नागपूर-पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी झाडीपट्टीतल्या शेतकऱ्यांच्या गटाकडून किंवा महिला बचत गटाकडून वर्षाचा चिन्नोर थेट मागवावा, पुढच्या खरिपात अर्ध्या एकराचा एक एकर होईल.